जागा भरपूर आहे, पत्ता सापडत नाही

दर सहा-आठ महिन्यांनी एक बातमी फिरत फिरत आपल्या व्हॉट्सॲप गटांवर येते. कुठल्यातरी विद्यापीठात संशोधकांनी एका अणूवर एक बिट साठवला, किंवा काचेच्या चकतीत ३६० टेराबाइट बसवले, किंवा चमचाभर डीएनएमध्ये अख्खं ग्रंथालय मावणार आहे. मग कोणीतरी विचारतं, "हे बाजारात कधी येणार?" मी चुंबकीय पदार्थांच्या पातळ थरांवर काम करते, त्यामुळे हा प्रश्न बहुतेक वेळा माझ्याकडे ढकलला जातो. एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात १९५९ पासून करू. त्या वर्षी २९ डिसेंबरला रिचर्ड फाइनमन यांनी कॅलटेकमध्ये एक भाषण दिलं. त्याच्या शीर्षकाचा साधारण अर्थ, 'तळाशी भरपूर जागा आहे'. त्यात त्यांनी एक हिशेब मांडला. जगभरातली जपून ठेवण्यासारखी पुस्तकं २ कोटी ४० लाख धरा. त्यांतला सगळा मजकूर शून्य आणि एकमध्ये लिहिला तर एकावर पंधरा शून्यं इतके बिट होतात. एका बिटासाठी ५ × ५ × ५, म्हणजे १२५ अणूंचा ठोकळा द्या. एखाददुसरा अणू इकडेतिकडे झाला तरी माहिती हरवू नये, एवढी ही ऐसपैस सोय आहे. तर ही सगळी पुस्तकं इंचाच्या दोनशेव्या भागाएवढी बाजू असलेल्या घनात मावतात. म्हणजे साधारण मिलिमीटरचा आठवा भाग, डोळ्यांना जेमतेम दिसणारा धुळीचा कण.

हा गुणाकार कागद-पेन्सिल घेऊन कोणीही पडताळून पाहू शकतं. म्हणजे एवढ्याशा जागेत किती माहिती मावू शकते, हा प्रश्न तत्त्वतः तेव्हाच सुटला होता. त्या वेळी आयबीएमची पहिली हार्ड डिस्क तीन वर्षांची होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, जवळपास एक टन वजन आणि क्षमता ५० लाख अक्षरं. आज फोनवर काढलेले दोन चांगले फोटो त्यात बसणार नाहीत.

फाइनमन यांच्या धुळीच्या कणाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठात झाला. सांडर ओट्टे यांच्या गटाने तांब्याच्या सपाट पृष्ठभागावर क्लोरीनचे अणू पसरवले. हे अणू आपोआप चौकटीच्या जाळीत बसतात आणि अणू थोडे कमी पडले की मधली काही घरं रिकामी राहतात. लहानपणी आपण अंकांच्या सोंगट्या सरकवायचा चौकोनी खेळ खेळायचो, ज्यात एकच घर मोकळं असायचं, तसंच. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची सुई रिकाम्या घराजवळ नेऊन जरासा विद्युतप्रवाह दिला की शेजारचा अणू त्या घरात सरकतो. अणू वर आणि मोकळं घर खाली असेल तर एक अर्थ, उलट असेल तर दुसरा. झाला एक बिट. अशा रीतीने त्यांनी एक किलोबाइट मजकूर लिहिला, आणि मजकूर निवडला फाइनमन यांच्या त्याच भाषणातला. सगळं मिळून जागा लागली साधारण १०० नॅनोमीटर लांब-रुंद, म्हणजे एका कोरोना विषाणूएवढी. घनता त्या वेळच्या उत्तम हार्ड डिस्कच्या सुमारे ५०० पट.

बातम्यांमध्ये हा ५०० आकडा सगळीकडे आला. ही पाटी निर्वात पेटीत उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते, हेही बहुतेकांनी लिहिलं. ज्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही ती गोष्ट अशी की, हे लिहायला आणि वाचायला एकच सुई होती आणि ती मिनिटाच्या हिशेबात चालत होती. समजा, ती सुधारून सेकंदाला एक बिट लिहू लागली. तरी एक टेराबाइट भरायला अडीच लाख वर्षं लागतील. तापमानाची अडचण दुसरा पदार्थ शोधून कदाचित सुटेलही. सुईची अडचण मात्र मुळातली आहे.

माझ्या मते गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या सगळ्या अफाट मेमरी-कल्पनांचा इतिहास या एका मुद्द्याभोवती फिरतो. बिट म्हणजे एक खोली समजा. लाखो कोटी खोल्यांची चाळ बांधणं तुलनेने सोपं आहे. पण अमुक खोलीत काय आहे ते पाहायचं असेल तर तिथपर्यंत पोहोचायला जिना लागतो, गल्ली लागते, दारावर नंबर लागतो. खोल्या अणूएवढ्या केल्या तर गल्ल्या कुठून जाणार?

आपल्या संगणकातल्या रॅममध्ये आणि पेन ड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीत या प्रश्नाचं उत्तर तारांनी दिलेलं आहे. आडव्या तारा, उभ्या तारा, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे बिट. हजार आडव्या आणि हजार उभ्या तारांनी दहा लाख बिटांना पत्ता मिळतो. पण मग बिट तारेपेक्षा लहान करून उपयोग नाही, आणि तार फार बारीक केली की तिचा रोध वाढत जातो. म्हणून फ्लॅशवाल्यांनी शेवटी जमिनीवर दाटी करणं सोडून मजले चढवायला सुरुवात केली. आज दोनशेहून अधिक थरांच्या चिपा सर्रास मिळतात. नखाएवढ्या कार्डात एक टेराबाइट बसतं ते यामुळे. यात चमत्कारिक नवी कल्पना कुठलीच नाही, फक्त कमालीचं चिकाटीचं बांधकाम आहे.

दुसरा मार्ग म्हणजे बिटापाशी सुईच न्यायची. हार्ड डिस्क हेच करते. प्रत्येक तबकडीवर एक वाचक-डोकं काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं. त्यामुळे प्रत्येक बिटाला तार नको, आणि म्हणून ती स्वस्त. किंमत मोजावी लागते ती वेळेत. १९५६ च्या त्या टनभर वजनाच्या यंत्राला, मधला शोधाशोधीचा वेळ सोडला तर, सगळी अक्षरं ओळीने वाचायला दहा मिनिटंही लागत नसत. आजची ३० टेराबाइटची डिस्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचायला ३० तासांच्या आसपास लागतात. कारण साधं आहे. क्षमता लांबी आणि रुंदी अशा दोन दिशांनी वाढते, वाचण्याचा वेग फक्त रेषेच्या दिशेने. प्रत्येक पिढीत घर मोठं होत गेलं आणि दार त्या मानाने अरुंद.

मग हजार सुया एकदम का नकोत? हा विचार झ्युरिकमधल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत झाला. टनेलिंग मायक्रोस्कोपसाठी नोबेल मिळवणारे गेर्ड बिनिग त्यात होते. त्या प्रकल्पाचं नाव 'मिलिपीड', म्हणजे आपली गोम किंवा पैसा म्हणा, पुष्कळ पायांची. सिलिकॉनच्या चिपेवर ३२ × ३२, म्हणजे १०२४ बारीक सुया. प्रत्येक सुईचं टोक ४०० अंशांच्या आसपास तापवून प्लॅस्टिकच्या पातळ थरावर टेकवायचं, की दहा नॅनोमीटरच्या आसपासचा खळगा पडतो. खळगा असेल तर एक, नसेल तर शून्य. संगणकाच्या जुन्या भोकांच्या कार्डांचीच ही सूक्ष्म आवृत्ती. २००२ मध्ये त्यांनी चौरस इंचाला एक टेराबिट घनता दाखवली, तेव्हाच्या डिस्कच्या कितीतरी पुढे. पुढे सुया वाढून ४०९६ झाल्या. तरीही उत्पादन आलं नाही. तोवर हार्ड डिस्क आणि फ्लॅश दोन्ही इतक्या वेगाने स्वस्त होत गेल्या की सुयांच्या यंत्राला उभं राहायला जागाच उरली नाही.

नव्या कल्पनेची लढत आजच्या डिस्कशी नसते. ती बाजारात येईल त्या वर्षीच्या डिस्कशी असते, आणि ती डिस्क बनवणारे हजारो अभियंते दरम्यान झोपलेले नसतात.

तिसरा मार्ग मला व्यक्तिशः सर्वांत आवडतो. सुईही हलवायची नाही आणि तारही प्रत्येकाला द्यायची नाही. बिटांनाच चालत वाचकापाशी आणायचं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बेल लॅब्जमध्ये अँड्र्यू बोबेक यांनी 'बबल मेमरी' बनवली. गार्नेटच्या पातळ थरात चुंबकीय बुडबुडे तयार होतात, म्हणजे आजूबाजूच्यापेक्षा उलट दिशेने चुंबकित झालेले छोटे गोल ठिपके. बाहेरून फिरतं चुंबकीय क्षेत्र लावलं की ते ठरलेल्या वाटेने रांगेत सरकतात. हलणारा यांत्रिक भाग एकही नाही. १९७९ मध्ये इंटेलने एक मेगाबिटची बबल चिप आणली, आणि ग्रिड कंपास या सुरुवातीच्या लॅपटॉपमध्ये हीच मेमरी होती. तो संगणक अवकाशयानातूनही गेला. पुढच्या काही वर्षांतच मात्र डिस्क आणि सिलिकॉन चिपांनी तिला गाठलं आणि ती नाहीशी झाली.

तीच कल्पना कितीतरी सूक्ष्म रूपात स्टुअर्ट पार्किन यांनी 'रेसट्रॅक मेमरी' म्हणून पुन्हा मांडली. त्यांच्या आयबीएममधल्या गटाने २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये पहिलं प्रात्यक्षिक प्रसिद्ध केलं. चुंबकीय पदार्थाची केसाहून हजारभर पट बारीक तार घ्या. तिच्यात उत्तर-दक्षिण, दक्षिण-उत्तर असे पट्टे ओळीने असतात. दोन पट्ट्यांमधल्या सीमेला 'डोमेन वॉल' म्हणतात. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं तर एक सीमा डावीकडे जाते, पुढची उजवीकडे, आणि दोघी एकमेकींवर आदळून मजकूर पुसला जातो. पण तारेतूनच विद्युतप्रवाह सोडला तर इलेक्ट्रॉन आपल्या स्पिनच्या जोरावर सगळ्या सीमा एकाच दिशेला ढकलतात. अख्खी मालगाडी न विस्कटता पुढे सरकते आणि फलाटावरचा एकच वाचक डबे मोजत राहतो. शिवाय ही तार जमिनीवर आडवी ठेवायची गरज नाही. ती इंग्रजी यू अक्षरासारखी उभी करता येईल, म्हणजे एका वाचकाच्या डोक्यावर शंभर बिटांचा मनोरा.

कागदावर याहून सुबक मेमरी मी पाहिलेली नाही. प्रत्यक्षात तारेच्या कडा थोड्या जरी खडबडीत असल्या तरी सीमा तिथे अडकून बसते. अडकलेली सुटायला प्रवाह वाढवा, तर तार तापते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत यात खरी प्रगती झाली आहे. जड धातूच्या थराला लागून चुंबकीय थर ठेवणं, दोन विरुद्ध चुंबकीय थरांची जोडी करणं, अशा युक्त्यांनी २०१५ मध्ये पार्किन यांच्या गटाने सीमांचा वेग सेकंदाला ७५० मीटरपर्यंत नेला. ताशी २७०० किलोमीटर! पण वेग ही अर्धीच गोष्ट. हजार सीमांनी दर धक्क्याला बरोबर एकच पाऊल टाकायचं, ना कमी ना जास्त, हे शिस्तीचं काम बाकी आहे. गंमत म्हणजे, याच पार्किन यांच्या आधीच्या कामामुळे हार्ड डिस्कची वाचक-डोकी १९९० च्या दशकात कमालीची संवेदनशील झाली आणि डिस्कचं आयुष्य वाढलं. रेसट्रॅकचा सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी त्यांनी स्वतःच पोसला.

डिस्कलाही मर्यादा आहे. तबकडीवरचा एक बिट म्हणजे काही चुंबकीय कण. कणाची दिशा उलटायला जी ऊर्जेची भिंत ओलांडावी लागते ती कणाच्या आकारमानाच्या प्रमाणात असते. खोलीच्या तापमानाला उष्णतेचे धक्के सतत बसत असतात. भिंत या धक्क्यांच्या ६० पट असेल तर कण अब्जावधी वर्षं टिकतो. आकारमान निम्मं करा, भिंत ३० पट होईल, आणि तोच कण साधारण तीन तासांत उलटेल. अब्ज वर्षांवरून तीन तासांवर! हे गणित पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा मी आकडेमोड दोनदा तपासली होती. यावर उपाय म्हणजे लोह-प्लॅटिनमसारखा फार हट्टी पदार्थ वापरायचा. पण तो इतका हट्टी की डोक्यालाही त्यावर लिहिता येत नाही. मग लिहिण्यापुरता नॅनोसेकंदभर लेझरने तो ठिपका ४०० अंशांच्या वर तापवायचा. ही युक्ती प्रयोगशाळेतून मोठ्या प्रमाणावरच्या विक्रीपर्यंत यायला वीस वर्षांहून जास्त लागली. २०२४ मध्ये सीगेटने ३० टेराबाइटच्या डिस्क आणल्या त्या याच तत्त्वावर. बातम्यांमध्ये तिला अणूवरच्या बिटाइतकं कौतुक मिळालं नाही, पण अभियांत्रिकी म्हणून मला ती जास्त थरारक वाटते.

आता डीएनए. युरोपियन बायोइन्फॉर्मॅटिक्स संस्थेतले निक गोल्डमन आणि इवान बर्नी २०११ मध्ये हॅम्बुर्गच्या एका हॉटेलच्या बारमध्ये बसून कुरकुरत होते की जनुकीय माहितीचा पूर येतोय आणि ती साठवायला डिस्क परवडत नाहीत. त्यातून थट्टा निघाली की डीएनएची माहिती डीएनएतच का ठेवू नये, आणि हिशेब रुमालावर सुरू झाला. २०१२ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांच्या गटाने एक पुस्तक डीएनएत लिहिलं. २०१३ मध्ये गोल्डमन यांच्या गटाने शेक्सपिअरची सुनीतं, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचा तुकडा वगैरे ७३९ किलोबाइट. २०१७ मध्ये यानिव एर्लिक आणि दिना झिएलिन्स्की यांनी ग्रॅममागे २१५ पेटाबाइटची घनता दाखवली. ३० टेराबाइटच्या सात हजारांहून अधिक डिस्क, एका ग्रॅमात!

इथे पत्त्याचा प्रश्न फार वेगळ्या तऱ्हेने सुटतो. रसायनशास्त्राच्या पद्धतीने डीएनए बनवताना एकेक अक्षर जोडत जावं लागतं. प्रत्येक जोडणी ९९.५ टक्के यशस्वी झाली तरी २०० अक्षरांनंतर पूर्ण बरोबर साखळ्या फक्त ३७ टक्के उरतात. त्यामुळे लांबलचक साखळी बनवताच येत नाही. माहितीचे दीड-दोनशे अक्षरांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात त्याचा अनुक्रमांकही लिहायचा. शिवण सुटलेल्या पोथीची पानं जशी पृष्ठांकावरून लावतो तसं. सगळ्या फायलींचे तुकडे एकाच नळीत एकत्र तरंगत असतात. हवी ती फाइल काढायची तर तिच्या तुकड्यांच्या टोकांना ओळखणारे प्रायमर टाकून पीसीआर करायचा. कोविडच्या काळात नाकातून घेतलेल्या नमुन्यावर व्हायचा तोच पीसीआर. २०१८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या गटाने ३५ फायलींचं २०० मेगाबाइटचं मिश्रण करून त्यातून एकेक फाइल वेगळी काढून दाखवली. ना तार, ना सुई. पत्ता स्वतःच पोहत जाऊन घर शोधतो.

आणि वेग? त्याच गटाने २०१९ मध्ये लिहिणं, साठवणं, वाचणं हे सगळं माणसाच्या हाताशिवाय करणारं यंत्र बांधलं. त्याने 'हेलो' हा इंग्रजी शब्द, म्हणजे पाच बाइट, लिहून परत वाचला. वेळ लागला २१ तास. खर्चाचं म्हणाल तर एर्लिक यांच्या २०१७ च्या प्रयोगात सुमारे दोन मेगाबाइट लिहायला ७००० डॉलर आणि वाचायला २००० डॉलर लागले. त्या दराने बाळाच्या बारशाचा एक फोटो जपायचा तर बाळाच्या शिक्षणाचे पैसे मोडावे लागतील. खर्च उतरतो आहे, कारण चिपेवर लाखो साखळ्या एकाच वेळी वाढवता येतात. एकेक साखळी संथच राहील, पण लाखो हात एकदम लिहू लागले तर एकूण वेग वाढतो. म्हणून डीएनए आपल्या लॅपटॉपमध्ये येईल असं मला वाटत नाही. वर्षानुवर्षं कोणी उघडणार नाही, पण टाकूनही देता येत नाही, अशा संग्रहांसाठी मात्र ते येऊ शकतं. टिकण्याबाबत शंका नाही. २०२१ मध्ये सैबेरियातल्या गोठलेल्या जमिनीत सापडलेल्या मॅमथच्या दातातून दहा लाख वर्षांहून जुना डीएनए वाचला गेला आहे.

काचेचीही स्पर्धा याच जागेसाठी आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठात पीटर कझान्स्की यांचा गट शुद्ध क्वार्ट्झ काचेच्या आत फेमटोसेकंद लेझरने सूक्ष्म खुणा कोरतो. प्रत्येक खुणेची जागा तीन अंकांनी ठरते, शिवाय तिची दिशा आणि तिचा प्रकाशावरचा परिणाम किती, हे दोन आकडेही वाचता येतात. म्हणून याला 'पंचमिती' असं भारदस्त नाव मिळालं. मिती वगैरे काही नाही, एका खुणेत एकाहून जास्त बिट आहेत एवढंच. बातम्यांमधला चकतीला ३६० टेराबाइटचा आकडा इथलाच. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ७५ मिलिमीटर चौरस, २ मिलिमीटर जाड काचेत १९७८ चा 'सुपरमॅन' चित्रपट लिहून दाखवला, ७५.६ गिगाबाइट. ही काच उकळा, भाजा, चुंबकापाशी न्या, काही होत नाही, आणि ठेवून द्यायला वीज लागत नाही. एकदा लिहिलेलं पुसता येत नाही, ही संग्रहासाठी सोयच. अडचण पुन्हा तीच. लिहिणारा लेझर महाग, आणि एका किरणाने जेवढ्या खुणा पडतील तेवढ्याच.

दरम्यान या सगळ्या थंड माहितीचं काम कोण करतंय? टेप! होय, कॅसेटची चुलत बहीण. एलटीओ-९ नावाच्या काडतुसात अर्धा इंच रुंदीची एक किलोमीटरहून लांब फीत गुंडाळलेली असते आणि १८ टेराबाइट मावतात. घनतेत ती डिस्कच्याही मागे आहे. पण फितीचं क्षेत्रफळ प्रचंड, आणि शेकडो काडतुसांना मिळून काही मोजकीच वाचक-यंत्रं पुरतात. मोठमोठे संग्रह आजही यावर आहेत.

यातलं आपल्या घरापर्यंत पोहोचतं ते इतकंच की पेन ड्राइव्ह आणि एसएसडी ही तिजोरी नव्हे. फ्लॅशमधला बिट म्हणजे कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन, आणि ते हळूहळू गळतात. भरपूर वापरून झालेली घरगुती एसएसडी विजेविना ३० अंशांना ठेवली तर तिने एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. भारतातल्या कपाटात उन्हाळ्यात ३० अंश म्हणजे थंडावा. आणि माध्यम टिकलं तरी वाचक टिकायला हवा. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये बीबीसीने मोठ्या हौसेने देशाची माहिती लेझर डिस्कवर नोंदवली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रं इतकी दुर्मीळ झाली की ती माहिती वाचवायला वेगळा संशोधन प्रकल्प काढावा लागला. ज्या १०८६ च्या हस्तलिखिताची ती नक्कल होती, ते मात्र आजही उघडून वाचता येतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद असेच शाबूत आहेत, आणि मोडी वाचणारे किती उरले ते आपल्याला ठाऊक आहे.

गटावर विचारणाऱ्यांना मी सध्या सांगते ते असं. काच किंवा डीएनए तुमच्या हातात यायला वेळ आहे. तोवर दोन साध्या हार्ड डिस्क घ्या, एक इथे, एक भारतात कोणाकडे तरी. माझी दुसरी पुण्यात आईच्या कपाटात असते, आणि दर वेळी गेले की ती लावून सगळं उघडतंय ना ते पाहते. गेल्या खेपेला २००९ चे फोटो उघडायला सात मिनिटं लागली.